सासऱ्यांची शंका

दीनानाथ आठल्ये व्हिटलॉकच्या टाउन हॉलमध्ये उभे राहिले, चार शब्द बोलले आणि त्यांनी सुनेची बँक बुडवली. बँक अजून निघायचीच होती, एवढंच काय ते त्यातल्या त्यात बरं.

व्हिटलॉक हे न्यूझीलंडमधलं गाव अप्पर हटहून डोंगर ओलांडला की पलीकडे लागतं. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या कोणत्याशा कंपनीने नकाशावर पट्टीने रेघा मारून ते वसवलं. रस्त्यांना कंपनीच्या संचालकांची नावं दिली, आणि त्या संचालकांपैकी एकानेही इकडे कधी पाऊल ठेवलं नाही. जमीन ज्यांची होती त्या माओरींना कोणी विचारलंच नाही, हे त्यांच्यातलीच आरोहा अजून दर सभेत ऐकवते, आणि ऐकवायलाच हवं. गावाच्या मधोमध बँकेची जुनी, पांढऱ्या खांबांची इमारत आहे. तीन वर्षांपूर्वी बँकेने ती शाखा बंद केली. सहा महिन्यांनी भिंतीतलं एटीएमही काढून नेलं आणि दारावर 'आता ॲप वापरा' अशी चिठ्ठी डकवून दिली.

दीनानाथांची सून विनया हिची फार्मसी बरोबर समोर. आधी बँकेत जाणारे सगळे म्हातारे-कोतारे आता तिच्या काउंटरवर येऊ लागले. औषध घ्यायचं आणि हळूच फोन पुढे करायचा, "जरा बघतेस का गं, पेन्शन आली का?" ऐंशी वर्षांचा हॅमिश, ज्याने जन्मभर मेंढ्या पाळल्या आणि कोणापुढे मान वाकवली नाही, तो पासवर्ड विसरला म्हणून तिच्यासमोर रडकुंडीला आला. त्या दिवशी विनयाचं डोकं फिरलं. गावाची स्वतःची बँक का नको, असं ती रागारागाने बोलून गेली. ऐकणारी आरोहा होती, गावच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, आणि मुख्याध्यापिकेपुढे रागाच्या भरात काही बोलू नये. तिने पुढच्याच आठवड्यात कमिटी बसवली.

पाटीवर 'बँक' हा शब्द लावायला कायदा परवानगी देत नव्हता, म्हणून नाव ठरलं 'व्हिटलॉक सेव्हिंग्ज सोसायटी'. गाव तिला बँकच म्हणायचं. दीनानाथ पतपेढी म्हणायचे, तेही विषय निघालाच तर. वकिलाने साफ सांगितलं होतं, तीनशे संस्थापक सभासद नसतील तर परवान्याचा अर्ज करूच नका, हसं होईल. इमारतीच्या मालकाने मार्चअखेरपर्यंत दम धरायचं कबूल केलं होतं. त्यानंतर तिथे व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं दुकान येणार होतं. मार्चचे शेवटचे दोन शनिवार उरले होते आणि सभासद झाले होते दोनशे बारा.

आता दीनानाथांनी या सगळ्यात मदत करायला हवी होती, असं कोणालाही वाटेल. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी नागरी सहकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. पत्नी गेल्यावर सुशांतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना इकडे आणलं, त्याला चार वर्षं झाली. पण घरी कमिटीची बैठक असली की ते सगळ्यांना चहा करून द्यायचे आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. विनयाला वाटायचं, इंग्रजीचा संकोच असेल.

त्या शनिवारी मात्र ते आपण होऊन कोट घालून सभेला आले. विनया इतकी खूश झाली की तिने त्यांना दुसऱ्या रांगेत मधोमध बसवलं. तिने सगळं समजावून सांगितलं. आरोहाने विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" दीनानाथ उठले. एक प्रश्न ते आठवडाभर मनात घोळवत होते. शाळेत, कॉलेजात, बँकेच्या ट्रेनिंगमध्ये, जन्मभर जशी प्रश्नाला सुरुवात केली तशीच त्यांनी केली. घसा खाकरून, स्वच्छ आवाजात ते म्हणाले,

"आय हॅव अ डाउट."

आणि सभ्य माणसाप्रमाणे अध्यक्षांच्या परवानगीसाठी थांबले.

 मागच्या रांगेतला कोणीतरी 'ओह' म्हणाला. विनयाचा चेहरा पांढराफटक पडला. आरोहाने इकडे तिकडे पाहिलं आणि चटकन म्हणाली, "मला वाटतं, आपण आधी चहा घेऊया." खुर्च्या सरकल्या, लोक उठले. एक बाई जाता जाता दीनानाथांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून गेली. चहा तयार असेल, प्रश्न नंतर घेतील, असं समजून ते पुन्हा बसले. नंतर कोणी त्यांच्याकडे वळलंच नाही. त्या दिवशी नवे फॉर्म भरले गेले तीन.

सगळे गाडीत बसले. बारा वर्षांच्या नातीला, ऋग्वेदाला, राहवेना. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत शिरते.

"आजोबा, यू टोल्ड द होल टाउन यू डोन्ट ट्रस्ट मम."

"मी? मी कधी?"

"यू सेड डाउट!"

"अगं, डाउट म्हणजे शंका! शंका विचारायची होती मला. सर वर्गात विचारायचे, एनी डाउट्स?"

"हिअर इट मीन्स यू थिंक इट्स डॉजी. समथिंग राँग."

सुशांतला हसू आवरेना. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "बाबा, मीही ऑकलंडला पहिल्या नोकरीत हेच केलं होतं. बॉसला रोज सांगायचो, आय हॅव अ डाउट. त्याला वाटलं, हा माझं काहीच ऐकत नाही." विनया मात्र खिडकीबाहेर बघत राहिली. दीनानाथांनी जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग!

दुसऱ्या दिवशी गावाच्या फेसबुक पानावर कोणीतरी लिहिलं, 'सासरा स्वतः बँकर होता म्हणे. त्यालाच भरवसा नाही.' सोमवारपर्यंत अकरा जणांनी नावं मागे घेतली. मोठ्या अदबीने घेतली, 'सॉरी लव्ह, नंतर बघू' म्हणत घेतली, पण घेतली. दोनशे पंधराचे दोनशे चार झाले. विनया फार्मसीत येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती, अहो, भाषेची गडबड झाली. लोक 'स्वीट ॲज', म्हणजे 'चालायचंच', म्हणत होते आणि खोकल्याचं औषध घेऊन चालते होत होते.

"बाबा," मंगळवारी सकाळी तिने पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "शनिवारी शेवटची सभा आहे. तुम्ही फक्त दोन मिनिटं उभं राहा. सांगा, माझी इंग्रजीची चूक झाली, माझा पूर्ण विश्वास आहे. झालं. सांगाल ना?"

"सांगेन की," दीनानाथ म्हणाले. चूक आपली, निस्तरायला आपणच हवं, यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

मग बुधवारी त्यांना हॅमिश भेटला. दीनानाथ कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन परतत होते. हॅमिशने आपली खटारा गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली, काच खाली केली आणि आपला पंजा बाहेर काढून त्यांचा हात हातात घेतला.

"बरं केलंस मित्रा, बोललास," तो म्हणाला. "मला विनया पोटच्या पोरीसारखी आहे, म्हणून माझं तोंड उघडत नव्हतं. पण डाउट मलाही आहे. आहेच."

गाडी निघून गेली. दीनानाथ दुधाची बाटली घेऊन तिथेच उभे राहिले. हा माणूस आपल्या चुकीबद्दल आपलं कौतुक करून गेला. पण चूक होती का ती? शंका म्हणजे प्रश्न, आणि शंका म्हणजे संशयही. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, आणि आठवडाभर मनात घोळत होतं ते यातलं नेमकं काय होतं, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

त्यांना आपल्या बँकेच्या वार्षिक सभा आठवल्या. अहवाल कोणी वाचायचं नाही. अध्यक्ष म्हणायचे, "अहवाल वाचला असे समजून मंजूर?" आणि मांडव गरजायचा, "मंजूर, मंजूर!" विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी असायचं 'सभासदांच्या शंकांचे निरसन'. तो विषय येण्याच्या पाच मिनिटं आधी अल्पोपाहाराची पाकिटं वाटायला घ्यायची, ही खास व्यवस्था होती. आणि ती व्यवस्था बघायचे दीनानाथ. हातात गरम बटाटेवडा आला की कोणाला शंका येत नाही. एकतीस वर्षांत कोणाला आली नाही.

संध्याकाळी विनया फार्मसी बंद करून आली तेव्हा ते बाहेर बागेतल्या बाकावर बसले होते.

"विनया, जरा बस. मला शनिवारी तसं सांगता यायचं नाही."

"तसं म्हणजे?"

"भाषेची चूक झाली म्हणून. मला खरंच शंका आहे."

विनया बसली नाही. "बाबा, दोन वर्षं मी यात घातलीत. सुट्टी नाही, भारतात जाणं नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, काय चाललंय. आणि आता तीन दिवस उरलेत तेव्हा तुम्हाला खरंच शंका आहे? घरच्या माणसाने असं करायचं?"

"घरच्याच माणसाने करायचं असतं," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या शेजारी कल्याणीताई राहायच्या. शाळेतल्या बाई. मला तिसरीत त्यांनीच शिकवलं. रिटायर झाल्यावरची सगळी पुंजी त्यांनी आमच्या बँकेत ठेवली, का, तर दीनानाथ तिथे आहे. शेवटच्या वर्षी एक दिवस काउंटरवर आल्या. म्हणाल्या, बाजारात कायकाय ऐकू येतंय रे, ठेव काढून घेऊ का? मला माहीत होतं, विनया. कर्जं कोणाला गेली होती, कागद कसे रंगवले होते, सगळं माहीत होतं. वरून सांगितलेलं होतं, लोकांना धीर द्या. मी म्हटलं, निर्धास्त राहा ताई."

"मग?"

"सतरा दिवसांनी बँकेवर निर्बंध आले. दाराबाहेर रांग लागली. त्या रांगेत त्या छत्री घेऊन उभ्या होत्या आणि मी आत होतो. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही. नऊ वर्षं झाली, अजून बोललो नाही."

विनया आता बाकावर टेकली.  वाऱ्याने वाळत घातलेली चादर दोरीवरून निसटली, तरी ती उठली नाही.

"सुशांतला माहितीये?"

"नाही."

"तुम्हाला माझी शंका येते का, बाबा? मी तसं करेन असं वाटतं?"

"मला तरी कुठे वाटलं होतं, मी तसं करेन म्हणून?"

तिने डोळे पुसले. रागाने की कशाने, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. मग ती उठली, चादर उचलली आणि तिच्या घड्या घालता घालता म्हणाली, "ठीक आहे. विचारा. सगळ्यांसमोर विचारा. फक्त काय विचारणार ते मला आधी सांगू नका. पाठ केलेलं उत्तर मला द्यायचं नाही."

शनिवारी दुपारी हॉल खच्चून भरला. बँकेसाठी किती आले होते आणि आठल्यांच्या घरचं भांडण बघायला किती, हा हिशेब न केलेला बरा. आरोहाने माओरी प्रार्थना, कराकिया, म्हणून सभा सुरू केली आणि म्हणाली, "मिस्टर आठल्ये, गेल्या वेळी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. चुकलंच माझं. बोला."

दीनानाथ उठले. आज ते इंग्रजी वाक्यं जुळवत बसले नाहीत. जसं आलं तसं येऊ दिलं.

"आमच्याकडे डाउट म्हणजे प्रश्न," ते म्हणाले. "तुमच्याकडे डाउट म्हणजे विश्वास नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत." कोणीतरी हसलं. "मी एका बँकेत होतो. ती बुडाली. बुडणार हे मला आधी माहीत होतं आणि मी एका म्हाताऱ्या बाईला सांगितलं, काळजी करू नका." आता कोणी हसलं नाही. सुशांत भिंतीशी उभा होता, त्याने वडिलांकडे मान वर करून पाहिलं. "म्हणून माझा प्रश्न विनयाला. ज्या दिवशी तुझ्या बँकेचं काही बिघडेल, त्या दिवशी आम्हाला कोण सांगेल? आणि किती लवकर सांगेल?"

ते खाली बसले. मग काहीतरी आठवून पुन्हा अर्धवट उठले. "आणि उत्तर आल्याशिवाय चहा नको."

वकील विनयाच्या कानाशी लागला. तिने मान हलवून त्याला बाजूला केलं.

"माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली. "आमच्या नियमांत हे कुठेच लिहिलेलं नाही. कायद्याने सरकारला काय कळवायचं ते आहे. तुम्हाला काय कळवायचं ते नाही. ते आपण आत्ता, इथे लिहूया. मला सुचतंय ते असं, की काउंटरवरच्या अगदी साध्या माणसालाही खरं सांगायची मुभा असेल, आणि त्यासाठी त्याची नोकरी जाणार नाही."

"आणि किती लवकर?" मागून हॅमिशचा आवाज आला.

"कळल्यापासून सात दिवसांत. याच हॉलमध्ये."

"तीन," हॅमिश म्हणाला.

"तीन," विनयाने लिहिलं.

मग बांध फुटावा तसे लोक उठू लागले. आरोहा अध्यक्षाची खुर्ची सोडून खाली आली आणि म्हणाली, माझ्या पणजीला त्या पांढऱ्या खांबांच्या आत कधी उभंच केलं नाही. तेव्हा आमच्या मराईची, म्हणजे माओरी समाजघराची, माणसं कमिटीवर किती असणार, ही माझी शंका. कोणी विचारलं, कर्ज मंजूर करणाऱ्याचा भाऊ कर्ज मागायला आला तर? कोणी विचारलं, वादळाने डोंगरावरचा रस्ता बंद झाला तर रोकड कुठून? जो तो उठून आधी म्हणत होता, "आय हॅव अ डाउट", आणि दीनानाथांकडे बघून डोळे मिचकावत होता. काही प्रश्नांना विनयाकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं. जिथे नव्हतं तिथे ती लिहून घेत होती. अडीच तास हे चाललं. चहावाल्या बायका किटल्या दोनदा तापवून कंटाळल्या आणि त्याही येऊन बसल्या. त्यांतल्या एकीने सगळ्यात अवघड प्रश्न विचारला.

मग टेबलापुढे रांग लागली. मागे घेतलेली अकराच्या अकरा नावं परत आली. शेजारच्या गावातून आलेल्यांनीही फॉर्म मागितले. पाच वाजायला आले तेव्हा विनयाने शेवटचा गठ्ठा मोजला, पुन्हा मोजला, आणि आरोहाच्या गळ्यात पडली. तीनशे एकोणीस.

गर्दी ओसरल्यावर ती एक कोरा फॉर्म घेऊन सासऱ्यांकडे आली. तो तिने त्यांच्या हातात दिला. पुन्हा कुठल्याही बँकेच्या कागदावर आपलं नाव घालायचं नाही, असं त्यांनी कधीकाळी ठरवलं होतं, हे तिला न सांगताच कळलं असावं. दीनानाथांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, खिशातलं पेन काढलं आणि तसेच हॉलबाहेर गेले.

तिकडे गावी सकाळचे साडेनऊ वाजले असतील. कल्याणीताईंचा नंबर फोनमध्ये नऊ वर्षं होता.

"कोण?" पलीकडचा आवाज थकला होता, पण वर्गातला होता.

"ताई, मी दीनानाथ. आठल्यांचा."

"अरे! न्यूझीलंडला ना तू? बरा आहेस ना?"

"ताई, तुम्ही काउंटरवर विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. बँक जाणार हे मला माहीत होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

 पलीकडे लांब कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"हे सांगायला तुला नऊ वर्षं लागली?" कल्याणीताई म्हणाल्या.

"हो."

"मी चिडले होते तुझ्यावर. अजून आहे. त्यातले निम्मे पैसे मिळाले, तेही पाच वर्षांनी, आणि तोवर दातसुद्धा बसवता आले नाहीत मला." मग एक श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "आज का सांगितलंस?"

"सुनेने बँक काढलीय. सभासद व्हायचंय."

"मग हो की. आणि नीट लक्ष ठेव तिथे. गप्प बसू नकोस."

दीनानाथांनी फॉर्म हॉलच्या लाकडी भिंतीला टेकवला. अक्षर वाकडंतिकडं आलं, एका ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलं, पण सही झाली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"अरे, आहेस ना?" फोनमधून कल्याणीताई विचारत होत्या.

"आहे, ताई," ते म्हणाले. "आहे."